वाटेवरच्या तेवीस चिंध्या

पोळ्याच्या संध्याकाळी मी आमच्या सौंसरच्या बगीच्यातल्या संत्र्याच्या झाडांना बांधलेल्या तेवीस चिंध्या सोडल्या, पँटच्या दोन्ही खिशांत कोंबल्या आणि घरी येऊन नेहमीपेक्षा दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या. हुशारीचं काम केलं की मला भूक लागते. मूर्खपणाचं केल्यावरही लागते. त्यामुळे भुकेवरून मला स्वतःला कधीच कळलेलं नाही की आपण नेमकं काय करून आलो.

त्या चिंध्या हाताला लागल्या की मोठेबाबांना वाट कळायची. ही गोष्ट शेवटपर्यंत दाबून ठेवली असती तर जास्त रंगली असती, पण दाबून ठेवणं हा माझा गुण नाही; आमच्या घरात कोणालाही विचारा. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. काचबिंदूने त्यांची नजर कमी होत होत त्या उन्हाळ्यात पुरती गेली होती, आणि हे फक्त त्यांना आणि त्यांच्या बायकोला, मोठीमायला, ठाऊक होतं. त्यांचा मुलगा वसंतदादा भिलाईला कारखान्यात होता. त्याला कळलं असतं तर त्यानं घराला कुलूप लावून दोघांना आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या क्वार्टरात नेऊन बसवलं असतं. बगीचा सोडून मोठेबाबांना कुठंही जायचं नव्हतं. तेव्हा पोळ्याला सगळे येणार ते तीन दिवस, खांदशेकणीचा, पोळ्याचा आणि करीचा, पोरासुनांसमोर दिसत असल्यासारखं चालून दाखवायचं, आणि चौथ्या दिवशी दादा गेला की सुटलो, एवढाच त्यांचा बेत होता. मोठीमायनं जुनं धोतर फाडून फाटकापासून विहिरीपर्यंत झाडाझाडाला हाताच्या उंचीवर चिंधी बांधली. एक गाठ म्हणजे सरळ चला. दोन गाठी म्हणजे वळा. तीन गाठी म्हणजे थांबा, पुढं विहीर आहे.

आणि मी समजलो, ही वाटणीची रेघ आहे.

यंदा पुन्हा पोळा आला. पांढुर्ण्याच्या बाजारात मातीचे बैल मांडून बसलेल्या बायांच्या ओळीवरून जाताना शिंगांच्या वार्निशाचा वास आला आणि पाय आपोआप थांबले. बैल कमी झालेत आता; गेल्या वर्षी आमच्या गल्लीतून तोरणाखाली दोन जोड्या गेल्या आणि मागून एक ट्रॅक्टर, त्याच्याही नाकाला झेंडूची माळ. परवा पुण्याहून मुलाचा फोन आला. बाबा, यंदा पोळ्याला आम्ही सगळे येतो म्हणाला. मी म्हटलं, या. फोन ठेवला आणि बायकोला विचारलं, "काहून येऊन राहिले हे?" ती म्हणाली, पोराचं घर आहे, येईल नाही तर काय. मी म्हटलं, ते ठीक आहे, पण काहून? सगळे? एकदम? तिनं माझ्याकडे बघितलं आणि डाळ निवडायला घेतली. चाळीस वर्षांत तिनं या प्रश्नाला एकदाही उत्तर दिलेलं नाही.

संशय माझा जुना. पण त्या वर्षी त्याला खतपाणी चांगलं मिळालं होतं. मी तेवीस वर्षांचा, पांढुर्ण्याला एका जिनिंगच्या कचेरीत चिकटलेलो. दिवसभर सरकीचा धुरळा नाकात. वडील जाऊन तीन वर्षं झालेली. घरात मी आणि माय. सौंसरचा सात एकरांचा बगीचा अजून आजोबांच्या नावावर, म्हणजे निम्मा मोठेबाबांचा आणि निम्मा आमचा, आणि कागदावर कोणाचाच नाही. कचेरीतल्या एकानं एकदा चहा पिता पिता सहज म्हटलं की पटवारीकडे जाऊन नाव पाहून घे गा, भाऊबंदांचा काही नेम नसतो. त्याचा चहा संपला आणि तो विसरला. मला मात्र त्या दिवसापासून नीट झोप नव्हती.

अशात दादाचं पोस्टकार्ड आलं. या पोळ्याला सगळ्यांनी सौंसरला यावे, महत्त्वाचे बोलायचे आहे. 'महत्त्वाचे'खाली दोन रेघा. मी ते कार्ड मायला चारदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "रेघा दोन असो का चार, जाचं तं आहेच नं." खरं म्हणजे आम्ही दरवर्षीच जायचो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवर उभे राहून एकमेकांवर दगड चालवतात, त्यामुळे त्या दिवशी आमच्याकडे यायला पाहुणे राजी नसत. सौंसर शांत. तिथं माणसं एकमेकांकडे फक्त बघत. मला त्याचीच जास्त भीती.

बसमधून उतरलो तेव्हा झिमझिम चालू होती. आमचं घर गावाच्या कडेला, मागे नाला, नाल्यापलीकडे बगीचा. ओसरीवर मोठेबाबा बसलेले. मी समोर जाऊन उभा राहिलो तरी ते काही बोलेनात. माझ्या डोक्यावरून पलीकडे कुठंतरी बघत होते. नजर चुकवून राहिले, मी मनात म्हटलं. तेवढ्यात आतून मोठीमाय मोठ्यानं ओरडत आली, "बबन आला पांढुर्ण्याहून, निया सदरा घालूनसन्या, मायेले घेऊन." लगेच मोठेबाबांचा चेहरा उजळला, ये बबन म्हणाले, बस सदरा वाळव. मला वाटलं, सदऱ्यावरून टोमणा मारला. त्या तीन दिवसांत मोठीमाय येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि कपडा असा पुकारत होती. मी ते माझ्यापुरतं घेतलं आणि संध्याकाळी सदरा बदलला, तर तिनं तेही पुकारलं.

चहाचा कप ती त्यांच्यासमोर ठेवायची तो जमिनीवर ठक करून. इतका जोरात की बशीत सांडायचा. मला वाटलं, दोघांचं भांडण झालेलं दिसतं. बहुतेक वाटणीवरूनच.

दादा, शोभावहिनी आणि त्यांची दोन पोरं नागपूरहून छोट्या लाईनच्या गाडीनं आधीच येऊन बसली होती. दादाचं सगळं वागणंच मला पुराव्यासारखं दिसत होतं. जेवल्यावर तो अंगणात शंभर पावलं मोजून चालायचा. त्याला साखरेचा त्रास सुरू झाला होता आणि डॉक्टरनं तसं सांगितलं होतं, पण मला वाटे, हा मोजणीचा सराव. वहिनीनं भजे तळता तळता मला विचारलं, भाऊजी, बगीच्यात झाडं किती आहेत हो? मी म्हटलं, मोजली नाहीत. रात्रभर मला तिचा तो 'हो' आठवत राहिला.

आणि खांदशेकणीच्या दुपारी मी ते पाहिलं. जेवणाची पंगत उठत होती. मोठेबाबा हात धुऊन खांबाला टेकून बसलेले. दादा त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि एक शब्द न बोलता त्यांच्या तोंडासमोर हात उभा करून चार बोटं दाखवली. मग दोन. मग पुन्हा चार. मोठेबाबा स्तब्ध. मी दाराआड. मी हिशोब लावला: चार एकर तुम्हाला-आम्हाला, दोन त्यांना? आणि सातवा? तेवढ्यात मोठीमाय वाढणं घेऊन आली, तिनं दादाचा हात पाहिला आणि म्हणाली, "चार बोटं कायले दाखवून राहिला बाबाले? चार पोया अजून पाहिजे तं मले सांग."

"नाही नाही, चार कायच्या, एकही नको," मोठेबाबा लगेच हसून म्हणाले. दादाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. आज मला त्या हसण्यात किती घाम होता ते दिसतं. सौंसरच्या कोणीतरी दादाला पत्र लिहून कळवलं होतं की म्हाताऱ्याच्या डोळ्यांचं काही खरं नाही. तो तपासायला आला होता. तोही संशयानेच आला होता बिचारा. त्याचा संशय खरा होता आणि त्याला पटला नाही. माझा खोटा होता आणि मला पुरता पटला.

त्याच दिवशी चार वाजता मोठेबाबांनी सगळ्यांना बगीचा दाखवायला नेलं. पाऊस उघडला होता. आंबिया बहाराची फळं लिंबापेक्षा मोठी, गडद हिरवी, पानांत पान होऊन लपलेली. काळी माती चपलेला धरून ठेवत होती. फाटकापर्यंत मोठीमाय बांगड्या वाजवत पुढे चालली, तिथून मोठेबाबा पुढे झाले. आणि काय चालत होते! एकेका झाडाला हात लावत, थापटत, बोलत. हे वाकडं, याला मागच्या साली डिंक्या झाला होता. हे आजोबांच्या हातचं. सगळी माणसं मागून, आणि ते विहिरीजवळ बरोबर सहा पावलांवर थांबले, वळले आणि म्हणाले, पोरांना पुढं नका जाऊ देऊ, काठ ओला आहे. दादा वहिनीला हळूच म्हणाला की लोक काहीही लिहितात. मला ते ऐकू आलं. मी त्याचाही अर्थ लावला.

कारण तोवर मला चिंध्या दिसल्या होत्या. मोठेबाबा हात लावत होते त्या प्रत्येक झाडाला एक. फाटकापासून सरळ रेघ, मग डावीकडे वळून विहीर. रेघेच्या एका बाजूला विहीर आणि भरलेली झाडं, दुसऱ्या बाजूला डिंक्यानं खाल्लेली. पाहूनच मला सगळं समजलं. संशयी माणसाला सगळं पाहूनच समजतं, विचारायची पाळी येत नाही. मी मागे राहून गाठी मोजल्या. एक गाठ सतरा झाडांना, दोन गाठी चारांना, तीन गाठी दोनांना. प्रथम मला वाटलं एक गाठ म्हणजे लहान भावाची बाजू, म्हणजे आम्ही. मग लक्षात आलं की असं असतं तर सतरा झाडं आमची झाली असती, म्हणजे हे शक्यच नाही. तेव्हा एक गाठ दादाची, असं मी ठरवलं. एवढं गणित मला मॅट्रिकला जमलं असतं तर जिनिंगमध्ये कशाला चिकटलो असतो.

पोळ्याच्या दिवशी बैल सजले. झुली, घुंगरं, शिंगांवर बेगड. मोठेबाबांनी तांब्या बैलाचा कासरा हातात घेतला आणि ते मिरवणुकीनं निघाले. ताठ मान, पांढरा फेटा. लोक म्हणत, म्हातारा अजून तरणा आहे. तांब्याला तोरणाची वाट दहा वर्षांपासून पाठ होती. कोण कोणाला नेत होतं ते त्या दोघांनाच माहीत. मी पोट दुखतं म्हणून घरी थांबलो. मायनं वळून पाहिलं, कारण त्या दिवशी माझं पोट दुखलं असा इतिहास नव्हता.

बगीच्यात कोणी नव्हतं. लांबून तोरणाखाली म्हणतात त्या झडत्यांची गाणी आणि हशा ऐकू येत होता. पावसानं गाठी आवळल्या होत्या, त्या नखांनी सुटेनात, म्हणून दातांनी सोडल्या; तोंडात संत्र्याच्या पानाचा कडू वास भरला. एकेक चिंधी खिशात घालताना मी मनात माझ्या गेलेल्या बापाशी बोलत होतो. बाबा, मी आहे, तुमचा हिस्सा जाऊ देत नाही. इतकं थोर मला आयुष्यात नंतर कधी वाटलं नाही. विहिरीजवळच्या तीन गाठींच्या दोन चिंध्या सर्वांत घट्ट होत्या. त्यांना वेळ लागला, पण मी त्याही ठेवल्या नाहीत.

आता वयाच्या या टोकाला कधी कधी वाटतं, घरात माणसं जमली की प्रत्येक जण काहीतरी लपवूनच बसलेला असतो. कोणी दुखणं, कोणी नोकरी गेल्याचं, कोणी नुसता कंटाळा. पुरण वाटलं जातं, पोरं पळतात, हसणं चालू असतं, आणि त्याखाली प्रत्येकाची आपली वेगळी धडपड की तीन दिवस निभून जावेत. मी त्या धडपडीचा वास अचूक घेतो. फक्त ती कोणाची आणि कशासाठी, हे मला नेहमी चुकीचं कळतं. परवा मुलगा फोनवर म्हणाला, बाबा, तुम्ही गॅस बंद करायला विसरता असं आई म्हणत होती. मी म्हटलं, आई काहीही म्हणते. फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं तर गॅस बंद होता. मग तो बंद कोणी केला, याचा मी तासभर विचार केला.

तर करीचा दिवस. सकाळी उन्हं पडली होती. पोरांनी लाकडी बैलांना दोऱ्या लावल्या. करीला बगीच्यातच जेवायचं, वडे आणि कालच्या पोळ्या टोपल्यात घालून न्यायच्या, ही आमच्या घरची रीत. आणि त्याआधी घरातल्या कर्त्या माणसानं एकट्यानं पुढं जाऊन विहिरीवर नारळ ठेवायचा, बाकीच्यांनी फाटकाशी थांबायचं. मोठेबाबा नारळ घेऊन निघाले. पहिल्या झाडाला त्यांनी हात लावला. तो हात खोडावर खाली गेला, वर गेला. मग दुसऱ्या झाडाला. तिथं जरा जास्त वेळ थांबले. मोठीमायच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

ते परत आले असते तर सगळं कळलं असतं. म्हणून ते परत आले नाहीत. पुढं चालत राहिले. वळायच्या ठिकाणी वळले नाहीत, उशिरा वळले, पाण्याच्या दांडात त्यांचा पाय गेला आणि ते गुडघाभर चिखलात आडवे झाले. नारळ हातातून सुटून घरंगळत गेला आणि विहिरीत पडला. त्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. विहीर त्यांच्या डोक्यापासून दोन हातांवर होती.

दादा धावला. त्यानं त्यांना बसतं केलं, तोंडावरचा चिखल पुसला, आणि मग पुन्हा तो हात त्यांच्या डोळ्यांसमोर हलवला. या वेळी मोठीमाय काही बोलली नाही.

"किती दिवस झाले?" दादानं तिलाच विचारलं.

"उन्हायापासून," ती म्हणाली.

मग त्यानं सांगितलं की उद्याच्या गाडीनं दोघांनीही भिलाईला चलायचं, यावर आता बोलणं नाही. मोठेबाबांनी ते ऐकलं की नाही कळेना. ते बसल्या बसल्या जवळच्या झाडाचं खोड चाचपत होते. आणि तिथं आपण सोडून कोणी नाही अशा आवाजात त्यांनी मोठीमायला विचारलं, "चिंध्या कुठी गेल्या वं?"

मला दरदरून घाम फुटला. घाम पुसायला मी खिशात हात घातला, रुमाल समजून जे आलं ते बाहेर काढलं आणि तोंड पुसलं. ते पुसत असतानाच माझ्या लक्षात आलं की सगळे माझ्याकडे बघत आहेत. त्या चिंधीला दोन गाठींच्या सुरकुत्या होत्या. तिच्यामागून आणखी चार-पाच खिशाबाहेर लोंबत होत्या.

"हे तं यायचं धोतर होय," मोठीमाय म्हणाली.

मी सांगितलं. वाटणीची रेघ वाटली म्हणून सोडल्या. पटवारी, पोस्टकार्ड, चार बोटं, दोन बोटं, सगळं सांगितलं. सांगताना ते मला स्वतःलाच ऐकवेना. माय डोक्यावर पदर घेऊन दुसरीकडे तोंड करून उभी राहिली. दादा उठून माझ्या अंगावर येईल असं वाटलं, पण त्याचं लक्षच नव्हतं. तो विहिरीकडे बघत होता. मग शोभावहिनी पुढं झाली. जिच्या एका 'हो'वर मी रात्र काढली होती, ती. तिनं माझ्या हातातली चिंधी घेतली, उलटसुलट पाहिली आणि दादाला म्हणाली, "परवा बाबांनी आपल्या सगळ्यायले इथवर आणलं. तुमाले समजलं होतं का?"

दादानं चिंधीकडे पाहिलं.

"मले बी नाही समजलं. एवढ्या जणात कोनालेच नाही. मतलब चिंध्या होत्या तोवर बाबा बरोबर चालून राहिले होते नं?"

मग त्या पुन्हा बांधायच्या ठरल्या. निदान दादानं नको म्हटलं नाही. मी खिसे रिकामे केले. कुठली चिंधी कुठल्या झाडाची हे मला सांगता येईना, तेव्हा मोठेबाबा स्वतः उठले, अंगावरचा चिखल वाळत चाललेला, आणि खोड चाचपून प्रत्येक झाड ओळखत, पुटपुटत गाठी मारत निघाले. मी फांद्या धरून उभा राहायचो. विहिरीजवळ त्यांनी तिनाच्या चार गाठी केल्या. मग दादानं त्यांना फाटकाशी नेऊन सोडलं आणि हात न लावता मागे मागे चालत राहिला. ते आले. सहा पावलांवर थांबले. लाकडी बैलांच्या दोऱ्या धरून पोरं बाजूला उभी होती, तीही गप्प. दादानं तीनदा तसं चालायला लावलं आणि तिसऱ्यांदा तो म्हणाला की ठीक आहे, संत्रा तुटेस्तोवर पाहू. ते 'पाहू' पुढं सात वर्षं चाललं. पण त्या घडीला ते कोणाला माहीत नव्हतं. त्या घडीला दादाची एक अट होती. मोठीमाय एकटी पडते, सोबत घरचं एखादं माणूस कायम राहिलं पाहिजे, नाही तर भिलाई.

वहिनीनं टोपलीवरचं फडकं उगीच सारखं केलं. मला इतका पश्चात्ताप झाला होता की जागेवर उभं राहवेना. मी पुढं झालो. सगळ्यांसमोर म्हटलं, मी जिनिंगची नोकरी सोडतो, उद्यापासून इथंच राहतो, मोठेबाबा, आजपासून तुम्ही माझ्या डोळ्यांनी पाहा.

मोठेबाबा शेवटच्या चिंधीची गाठ आवळत होते. हात न थांबवता ते दादाला म्हणाले, "वसंता, याच्या डोयानं पाहाचं असन, तं मी आजच भिलाईले येतो."